सरकारी आयसीयूत व्हेंटिलेटरच्या नोंदी ठेवताना

एमडी मेडिसिनला प्रवेश मिळाला की पहिल्याच वर्षी थिसिसचा विषय ठरवून सिनॉप्सिस, म्हणजे अभ्यासाचा आराखडा, नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवावा लागतो. ओपीडीत खुर्चीवर बसून उरकतील असे विषय सगळ्यांनाच हवे असतात. मधुमेह आणि थायरॉईड, रक्तदाब आणि युरिक ॲसिड वगैरे. माझ्या वाट्याला आयसीयू आलं. व्हेंटिलेटरवर ठेवलेले रुग्ण: कुणाला ठेवलं, कशासाठी, किती दिवस, कोणत्या मोडवर, मशीन सुटलं कसं आणि शेवटी काय झालं. “विषय जुनाच आहे,” गाईड सर म्हणाले, “पण आपल्या आयसीयूचं चित्र कुणी कागदावर उतरवलेलं नाही. तेवढं केलंस तरी खूप झालं.”

आयसीयू मराठवाड्यातल्या एका सरकारी मेडिकल कॉलेजचं. आजूबाजूचे सगळे तालुके १०८ च्या गाड्यांनी आमच्याकडेच येणार. खाटा कमी, व्हेंटिलेटर त्याहून कमी, आणि त्यातलं एखादं कायम दुरुस्तीच्या वाटेवर. कोविडनंतर मशीन वाढली हे खरं, पण मशीनबरोबर ते चालवणारे हात वाढले नाहीत. पुस्तकात व्हेंटिलेटरच्या एका रुग्णामागे एक सिस्टर असते. आमच्याकडे रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती खाटा असतात, ते लिहिलं तर वाचणाऱ्याला टायपिंगची चूक वाटेल.

एथिक्स कमिटीत पहिला अडथळा आला तो संमतीपत्राचा. ज्याच्या घशात नळी आहे तो सही कशी करणार? म्हणजे सही नातेवाइकाची. त्याच नातेवाइकाने अर्ध्या तासापूर्वी नळी टाकायच्या कागदावर, गंभीर अवस्थेच्या कागदावर आणि मानेतल्या मोठ्या शिरेत नळी (सेंट्रल लाईन) घालायच्या कागदावर सह्या केलेल्या असतात. चौथा कागद पुढे केला की त्याला वाटतं, ही मशीन काढायची परवानगी. कमिटीतल्या समाजशास्त्राच्या मॅडमनी नेमका हाच मुद्दा काढला. शेवटी ठरलं की थिसिसची संमती नळी टाकताना मागायचीच नाही. दुसऱ्या दिवशी, घरचं एखादं शहाणं माणूस पोहोचल्यावर, बाहेरच्या बाकावर बसून मागायची, आणि पहिलंच वाक्य हे असायचं: “तुम्ही नाही म्हणालात तरी उपचारात काडीचाही फरक पडणार नाही.”

त्या बाकावर मी जितकी शिकले तितकी राऊंडला नाही. तिथं येणारा पहिला प्रश्न ठरलेला. “मॅडम, खरं सांगा, हाये का गेलंय?” मशीनवर टाकलं म्हणजे संपलं, ही समजूत इतकी पक्की आहे की ‘व्हेंटिलेटर’ शब्द उच्चारला की मागे उभ्या असलेल्या बायका रडायलाच लागतात. दुसरी समजूत अशी, की मेलेल्या माणसाला मशीनवर ठेवून डॉक्टर बिल वाढवतात. सरकारी दवाखान्यात, जिथं बिलच नाममात्र, तिथंही हा संशय सुटत नाही. मी सांगायचे, मशीन फक्त हवा आत ढकलतं. हृदय त्याच्या जिवावर चालत नाही. हृदय थांबलं तर मशीन कितीही हवा ढकलो, स्क्रीनवरची रेघ सपाटच राहणार. दोन-चार जणांना आत नेऊन त्यांच्याच माणसाची नाडी त्यांच्या बोटाखाली दिली. तेवढं पुरायचं. पण सगळ्यांना आत नेता येत नाही, आणि बाकावर सांगितलेलं पारापर्यंत पोहोचता पोहोचता बदलतं.

माझ्या प्रोफॉर्मावर, म्हणजे दर रुग्णाची माहिती भरायच्या कागदावर, नाव-वय-गाव यांच्यानंतर लगेच उंचीचा रकाना होता. बेशुद्ध माणसाची उंची कशाला हवी, असं सिस्टर विचारायच्या. कारण असं, की एका श्वासात किती हवा द्यायची ते वजनावर ठरत नाही, उंचीवर आणि रुग्ण पुरुष की बाई यावर ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. पूर्वी हवा भरपूर द्यायची पद्धत होती. २००० साली अमेरिकेतल्या अनेक आयसीयूंनी मिळून केलेला एक अभ्यास आला. फुप्फुसाला तीव्र इजा झालेल्या एका गटाला उंचीवरून काढलेल्या आदर्श वजनाच्या दर किलोमागे १२ मिली, दुसऱ्याला ६ मिली. पहिल्या गटातले जवळपास ४० टक्के दगावले, दुसऱ्यातले ३१. कुठलंही नवं औषध नाही, महागडं उपकरण नाही, फक्त हवा कमी. पाच फूट एक इंचाच्या बाईसाठी हा हिशेब तीनशे मिलीच्याही आत येतो. आमच्या मशीनवर मात्र आधीच्या रुग्णाचे साडेचारशे-पाचशे तसेच राहिलेले असायचे, आणि घाईत नवा माणूस त्यावर जोडला जायचा.

बाजारातून शिंप्याची टेप आणली आणि ती आयसीयूच्या टेबलाला दोरीने बांधून ठेवली (न बांधलेली वस्तू आमच्याकडे टिकत नाही). टाच ते डोकं, पाठ सरळ करून, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने वॉर्डबॉय मामा. पुढं पुढं आकडा नसला की सिस्टरच हाक मारायच्या, “मॅडम, नव्या पेशंटची उंची राहिली.” थिसिसमुळे वॉर्डात बदललेली ही पहिली गोष्ट, आणि मला विचाराल तर सगळ्यात उपयोगाची.

प्रोफॉर्माचा गाभा होता ‘कारण’ या रकान्यात. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या विषयातला सगळे जण आधाराला घेतात: २० देश, ३६१ आयसीयू, ५,१८३ रुग्ण. त्यात व्हेंटिलेटरवर जाण्याचं कारण सर्वाधिक रुग्णांत फुप्फुसांचं तीव्र अपयश होतं. बेशुद्धी साधारण सतरा टक्के, दम्यासारख्या जुन्या श्वसनविकाराचा उठाव दहा टक्के. मज्जातंतू आणि स्नायू लुळे पडल्यामुळे मशीन लागलेले रुग्ण दोन टक्क्यांच्याही आत. आमच्या वहीत पहिल्या पावसाळ्यातच हे चित्र उलटंपालटं झालं. फुप्फुसं ठणठणीत, पण श्वास ओढणारे स्नायूच चालेनासे झालेत, अशी माणसं आमच्याकडे खाटेमागून खाटा अडवून होती. त्यांना तिथं आणणाऱ्या गोष्टी दोन. मण्यार आणि फवारणीचं औषध.

मण्यारीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. हा साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात बारीक, सूज नाही, वेदना जवळजवळ नाही. कित्येकांना चावल्याचं कळतच नाही. पहाटे पोटात दुखतं, मग पापण्या जड होतात, बोलणं जडावतं. घरच्यांना वाटतं रात्री प्यायला असेल, किंवा बाहेरचं काही लागलं. गावच्या जाणत्याकडे एक फेरी होते. दवाखान्यात येईपर्यंत थुंकीही गिळता येत नसते. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्ध असते, आणि ती द्यायलाच हवी. पण मण्यारीचं विष मज्जातंतूंच्या टोकांनाच खराब करतं. रक्तातलं मोकळं विष लस निष्प्रभ करते, खराब झालेली टोकं ती दुरुस्त करू शकत नाही. ती शरीर स्वतः पुन्हा घडवतं, आणि त्याला दिवस लागतात. तेवढे दिवस श्वास कुणीतरी द्यायचा. बस, उपचार एवढाच.

या रुग्णांकडे पाहून अनुभवी डॉक्टरही चकतो. बाहुल्या विस्फारलेल्या, उजेडाला हलत नाहीत. पापणी नाही, बोट नाही, चिमट्याला प्रतिसाद नाही. मेंदू मृत झाल्याच्या तपासणीत जे जे दिसतं, त्यातलं बरंच काही इथं दिसतं, आणि आत माणूस पूर्ण जागा असू शकतो. ऊसतोड कामगाराच्या घरचा एक पोरगा होता. चौथ्या-पाचव्या दिवशी त्याच्या पायाचा अंगठा हलला, पुढे नळी निघाली. आवाज फुटल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल तर स्वतःच्या सख्ख्या मामावर तोंड टाकलं. मामा त्याच्याच खाटेशी उभा राहून फोनवर गावाकडच्या जीपवाल्याशी भाव करत होता, मयत न्यायला किती घेशील म्हणून. पोराने ते सगळं ऐकलं होतं. भाडंसुद्धा बरोबर सांगितलं. मामा ओशाळला, मग रडला, मग सगळ्या वॉर्डाला पेढे वाटले. त्या दिवसापासून मण्यारीच्या रुग्णाच्या खाटेवर आम्ही कागद चिकटवू लागलो: ‘ऐकू येते. जपून बोला.’ झोपेचं औषधही सुरू ठेवायला लागलो, कारण हलता न येणाऱ्याला भीती वाटते की नाही, हे मॉनिटर सांगत नाही. नाडीचा वेग तेवढा वाढलेला दिसतो.

माझ्या वहीत सगळ्यात चांगला निकाल याच लोकांचा. तरुण, फुप्फुसं निरोगी, काही दिवसांत घरी. जो वेळेत मशीनपर्यंत पोहोचला तो बहुतेक वाचला. न पोहोचलेल्यांची नोंद माझ्याकडे नाही, पण त्याबद्दल पुढे.

फवारणीच्या औषधाचं गणित जास्त गुंतागुंतीचं. काही जणांना शेतात फवारताना बाधा झालेली असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात तसं मोठ्या प्रमाणावर झालं, तेव्हा साऱ्या राज्याला ते कळलं. आमच्याकडे मात्र बहुतेकांनी ‘औषध घेतलेलं’ असतं, आणि बाकावर बसलेलं घर त्याबद्दल बोलायला तयार नसतं. ‘चुकून’ हा शब्द मी तसाच लिहून घेत असे. पोलिसांचा कागद वेगळा, माझा वेगळा. पहिल्या दिवशी लाळ, घाम, छातीत पाणी, आणि त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिनच्या सुया. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस सावरतो, बोलतो, चहा मागतो. घरचे म्हणतात आता वॉर्डात हलवा. आणि इथेच सर कुणालाही खाट सोडू द्यायचे नाहीत. “मान उचलायला सांग.” उशीवरून डोकं उचलता आलं नाही, तर पुढच्या काही तासांत श्वासही जाणार. १९८७ साली श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी याचं नेमकं वर्णन केलं: विषबाधेनंतर एक ते चार दिवसांच्या मध्ये, सुरुवातीचा धोका टळल्यासारखा वाटत असताना, मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू गळून पडतात. आपल्यासारख्याच शेतीच्या देशातून ही गोष्ट कळली, यात मला नवल वाटत नाही.

‘मान’ हा रकाना म्हणून प्रोफॉर्मात पहिल्यापासून होता. दर सहा तासांनी सिस्टर त्यात अधिक किंवा उणे लिहायच्या. उणे पडलं की नळीचं सामान खाटेजवळ. मध्यरात्री धावाधाव करून टाकलेली नळी आणि दुपारी शांतपणे टाकलेली नळी यांत फार अंतर आहे, आणि ते अंतर पुढच्या आठ-दहा दिवसांत दिसत राहतं.

हे रुग्ण मण्यारीवाल्यांपेक्षा जास्त दिवस मशीनवर राहतात. एक आठवडा, दोन, कधी तीन. घशातली नळी फार दिवस ठेवता येत नाही, मग कान-नाक-घसावाले येऊन गळ्याला छिद्र करतात. आणि मशीनवरचा प्रत्येक वाढीव दिवस जंतूंना मिळालेली संधी असतो. अठ्ठेचाळीस तास उलटल्यावर होणाऱ्या न्यूमोनियाचा खर्च आणि त्रास मूळ विषापेक्षा जास्त होऊ शकतो. तो टाळायचे उपाय साधे आहेत. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, तोंड स्वच्छ, हात धुतलेले, नळीच्या फुग्यातला दाब मोजलेला. डोकं वर करायचं तर खाटेची मूठ फिरली पाहिजे. आमच्या दोन खाटांच्या मुठी गेलेल्या होत्या. वॉर्डबॉय मामांनी बांधकामावरून विटा आणल्या, धुतल्या, खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली लावल्या. थिसिसमध्ये मी ‘शिरोभाग उंच ठेवला’ इतकंच लिहिलंय.

दम्याच्या आजीबाई ही तिसरी तऱ्हा. कधी विडीला हात न लावलेल्या, पण चाळीस वर्षं चुलीपुढे बसलेल्या. थंडी पडली की यायच्या. त्यांना शक्यतो नळी टाकायची नाही, नाका-तोंडावर घट्ट मास्क लावून बायपॅप द्यायचा, कारण नळी गेली की अशा फुप्फुसांची मशीनवरून सुटका अवघड. मास्कने अनेकींची नळी टळते हे पुस्तकात सिद्ध झालेलं आहे. पुस्तकात न लिहिलेलं हे, की आजी तो मास्क पहिल्या तासात दहा वेळा काढून फेकते. गुदमरतंय म्हणते, आणि तिचं खरंही असतं. त्या पहिल्या तासात कुणीतरी जवळ बसून, हात धरून, “आजी, मशीन फुंकतंय, तुम्ही त्याच्याबरोबर घ्या, घाई करू नका” असं सांगत बसावं लागतं. सून बसली तर मास्क टिकतो. कुणीच नसलं तर पहाटे नळी. मास्क का अयशस्वी झाला याच्या कारणांत मी ‘सोबत नाही’ असं लिहू का, असं सरांना विचारलं. ते हसले, पण लिहू दिलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. न्यूमोनिया आणि जंतुसंसर्गाने सगळे अवयव घेरलेले लोक उशिरा यायचे आणि लवकर जायचे. पक्षाघातानं बेशुद्ध झालेल्यांची फुप्फुसं बरी असायची, नळी फक्त वाट मोकळी ठेवायला. त्यांच्या बाबतीत मशीन सोडवण्याचा प्रश्न कमी आणि पुढे काय हा प्रश्न जास्त. एखादा गियाँ-बारेचा (या आजारात नसा कमजोर होऊन अंग लुळं पडतं) रुग्ण महिनाभर राहायचा आणि सगळ्या स्टाफचा घरचा होऊन जायचा. त्यांच्यासाठी एक सोपी परीक्षा आहे, एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे. “एक, दोन, तीन...” वीसच्या अलीकडे दम संपू लागला की आम्ही सावध. एक शाळामास्तर होते, त्यांना आकड्यांचा कंटाळा आला, म्हणाले पाढा म्हणू का. सत्तावीसचा म्हणायला लागले. आम्हाला चूक-बरोबर कळेना, दम मात्र कळला.

मशीन सोडवणं हा अभ्यासाचा दुसरा मोठा भाग. लोकांना वाटतं एक दिवस डॉक्टर येऊन बटण बंद करतात. प्रत्यक्षात रोज सकाळी परीक्षा घ्यायची असते. झोपेचं औषध थांबवायचं, माणूस डोळे उघडून हात दाबतो का बघायचं, मग मशीनचा आधार अगदी कमी करून किंवा मशीन काढून फक्त टी-पीसवर (नळीला ऑक्सिजन जोडणारा तुकडा) अर्धा तास ते दोन तास त्याला स्वतः श्वास घेऊ द्यायचा. मिनिटाला किती श्वास आणि एका श्वासात किती लिटर, यांचा भागाकार करायचा. १९९१ पासून १०५ हा आकडा सगळे लक्षात ठेवतात: त्याच्या आत असेल तर आशा, वर गेला तर थांबा. मिनिटाला चोवीस श्वास आणि प्रत्येकी ३०० मिली, म्हणजे ऐंशी, ठीक. छत्तीस आणि २५० मिली, म्हणजे एकशे चव्वेचाळीस, परत मशीनवर. आकडा चांगला येऊनही माणूस घाबराघुबरा असेल तर आमचे सर नळी काढायचे नाहीत, आणि आकडा थोडा वाईट असून डोळ्यात तेज असेल तर काढायचे. याला पुरावा काय, असं कुणी विचारलं तर ते म्हणायचे, “पन्नास वर्षांचा झाल्यावर तुलाही दिसेल.” हा पुरावा थिसिसच्या संदर्भसूचीत घालता येत नाही.

पहिल्याच परीक्षेत सुटले ते साधे, तीन परीक्षांत किंवा आठवड्याच्या आत सुटले ते अवघड, त्याहून लांबले ते लांबलेले, अशी तीन गटांची वर्गवारी जगभर वापरतात. ती करताना मला एक नमुना दिसला, तो कुठल्या रोगाचा नव्हता. नळ्या बहुतेक सोमवार ते शनिवार, सकाळच्या राऊंडनंतर दुपारपर्यंत निघत होत्या. रविवारी क्वचित. रात्री जवळजवळ नाहीच. दिवाळीच्या आठवड्यात तर सगळे मशीनवर शांत झोपलेले. रुग्णाचे स्नायू वार बघून बरे होत नाहीत. नळी काढल्यावर तासाभरात पुन्हा टाकायची वेळ आली तर जवळ कोण आहे, यावर ते ठरत होतं. एकटी रेसिडेंट आणि दोन सिस्टर असतील तर मीही नळी सोमवारपर्यंत राहू दिली असती, आणि दिली. म्हणजे ‘व्हेंटिलेटरवरचे एकूण दिवस’ या रकान्यात रोगाचे दिवस आणि आमच्या मनुष्यबळाचे दिवस एकत्र पडले होते. वेगळे करायला माझ्याकडे काही साधन नव्हतं, म्हणून वारांचा एक तक्ता तसाच परिशिष्टात जोडला. त्यावर अधिष्ठाता कार्यालयातून कुणी काही बोललं नाही. बहुधा परिशिष्टापर्यंत कुणी पोहोचत नाही.

खरी कसोटी मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या रुग्णांचा एकत्र तक्ता, भरल्यावर लागली. एक्सेलमध्ये सगळ्यांच्या दिवसांची सरासरी काढली, तर ती परदेशातल्या अभ्यासातल्या जवळपास सहा दिवसांच्या सरासरीपेक्षा कमी निघाली. म्हणजे आपण चांगले? पीएसएम (सामाजिक वैद्यक) विभागात संख्याशास्त्र बघणाऱ्या सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, “कमी दिवसांत सुटले कसे? चालत, की उचलून?” मग त्यांनी रुग्ण दोन ढिगांत लावायला सांगितले. जिवंत सुटलेल्यांचे दिवस बरेच जास्त होते. दगावलेल्यांचे फार कमी, कारण ते आले तेव्हाच अखेरच्या टप्प्यात होते. त्यांच्या लवकर मरण्याने सरासरी देखणी झाली होती. याच कारणाने हल्ली ‘२८ दिवसांपैकी व्हेंटिलेटरविना जिवंत किती दिवस’ असं मोजतात. दगावला त्याचे दिवस शून्य. ते माप लावल्यावर चित्र खूप कमी देखणं झालं, पण तेच खरं होतं. मण्यार एका टोकाला, जंतुसंसर्ग दुसऱ्या टोकाला, आणि सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर आमच्या आयसीयूत कधीच न आलेल्या एका माणसाचे आकडे मिळतात.

तरीही एक ढीग उरला. ‘लामा’, म्हणजे वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेलेले. आमच्याकडे हे खूप आहे. म्हाताऱ्या माणसाला घरच्या जमिनीवर प्राण सोडू द्यावा, ही एक बाजू. उसनवारी संपली, शेतात सोयाबीन काढायला आलंय, बाकावर झोपून पंधरवडा झाला, ही दुसरी. जीवनदायी, आता महात्मा फुले योजना, औषधांचा भार उचलते. बाकावर बसलेल्याची बुडलेली मजुरी कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत थोडी सोपी केली. मंडळ नेमायचं, कागद करायचे, मग उपचार थांबवायचे. ही वाट माझ्या काळात आमच्या आयसीयूत कुणी चाललं नाही. इथं माणूस नळीसकट, अँबू बॅग (हाताने दाबून हवा द्यायची पिशवी) दाबत, जीपमध्ये जातो आणि आमच्या रजिस्टरात ‘लामा’ म्हणून जिवंत राहतो. त्याला दगावलेल्यांत धरू की वगळू? वगळलं तर मृत्युदर खाली येतो, धरलं तर न पाहिलेला मृत्यू मी लिहिते. मी फोन करायचं ठरवलं. आठवड्याने फोन लावायचा आणि विचारायचं, “आता कसं आहे?” बहुतेक वेळा पलीकडून एकच उत्तर यायचं, “त्याच दिशी, मॅडम.” कधी मात्र “बरं हाये, बाजंवर बसलंय” असंही आलं, एका विषबाधेच्या पोराबाबत, ज्याला आम्ही मनातून सोडून दिलं होतं. तीन ढिगांचे तीन वेगळे तक्ते दिले आणि गणित वाचणाऱ्यावर सोडलं.

व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरून आलेले परीक्षक मुंबईचे होते. बराच वेळ चाळून त्यांनी विचारलं, “या वहीत कोण नाही?” याची तयारी मी केली होती. जे कॅज्युअल्टीत आले, ज्यांना नळी टाकली, पण ज्यांच्यासाठी मशीन मोकळं नव्हतं, ते नाहीत. त्यांच्या उशाशी भाऊ, मुलगा, शेजारी उभे राहून पाळीपाळीने अँबू बॅग दाबतात. एक रात्र, कधी दोन. कुणी मशीनपर्यंत पोहोचतो, मग तो माझ्या वहीत येतो. न पोहोचलेल्यांच्या केसपेपरवर मृत्यूचं कारण असतं, बॅग किती तास दाबली ते नसतं.

परीक्षकांनी मग कोपनहेगनची गोष्ट काढली. १९५२ मधली पोलिओची साथ. श्वास आणि गिळणं गेलेल्या पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावलेले, आणि अख्ख्या रुग्णालयात लोखंडी फुप्फुस, म्हणजे अंगाभोवतीच्या पेटीतून श्वास देणारं तेव्हाचं मशीन, एकच. ब्यॉर्न इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाने गळ्याला छिद्र करून हाताने हवा भरायची युक्ती काढली आणि शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून आठवडेच्या आठवडे पिशव्या दाबत बसले. मृत्यू झपाट्याने कमी झाले. आजची आयसीयू त्यातून उभी राहिली, आणि अँबू बॅगही त्याच शहरातून १९५६ साली आली. “त्यांनी पिशवी दाबणाऱ्यांना शिकवलं होतं, बदली ठेवली होती, जेवायला सुटी दिली होती,” परीक्षक म्हणाले. “तुमच्याकडे शिकवतं कोण?”

सिस्टर शिकवतात. “एक-दोन-तीन-चार म्हणा, मग दाबा. जोरात नको, छाती वर आली की सोडा.” एवढ्यावर रात्र निघते.

माझ्यानंतरच्या बॅचच्या ज्युनियरने आता तोच विषय घेतलाय: मशीनची वाट पाहणारे रुग्ण. कॅज्युअल्टीच्या केसपेपरवर ‘बॅग सुरू’ आणि ‘बॅग बंद’ अशा दोन वेळा लिहायला सुरुवात झाली आहे. त्याचा सिनॉप्सिस एथिक्स कमिटीतून एकदा परत आला. कमिटीचा प्रश्न होता: रात्रभर बॅग दाबणाऱ्या भावाची संमती कोणत्या नात्याने घ्यायची, रुग्णाचा नातेवाईक म्हणून, की उपचार करणारा म्हणून? ज्युनियर माझ्याकडे विचारायला आला होता. आम्ही दोघांनी मिळून दोन वेगळे फॉर्म करून पाठवलेत. अजून उत्तर आलेलं नाही.